एकटं पोर आणि हातातला मोबाइल

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावात माणसांची कमतरता नाही. तरीही दहावीतलं पोर घरात एकटं पडू शकतं. मोबाइलवरच्या गेममध्ये त्याला संघ मिळतो, कुणीतरी त्याची वाट पाहतं. म्हणून मध्येच फोन हिसकावला की ते इतकं चिडतं.

जास्त खेळणं म्हणजे लगेच आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू असलेली आजारांची यादी तीन खुणा सांगते: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं.

स्क्रीनची सवय आवरायला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा होता.

ऑनलाइन छळ मात्र भोंग्याने थांबत नाही. वर्गाच्या ग्रुपवर फोटो बिघडवून टाकला, टोपणनाव चिकटवलं, तरी मूल घरी बोलत नाही. सांगितलं तर फोनच जाईल, ही धास्ती असते. ‘फोन काढून घेणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन 1098, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्ही मोफत.