माटोळी बांधायला पोरांना सोबत घ्या



१ ऑगस्टला बंदी उठली की आपण सगळे होड्या, जाळी, बर्फ, डिझेल यांच्या मागे लागतो. मग नारळी पौर्णिमा, आणि तिथून वीसेक दिवसांत चवथ. याच दिवसांत वाड्यावाड्यातली युवक मंडळं आम्हाला विचारतात, मुलांसाठी संस्कृतीचा काहीतरी कार्यक्रम सुचवा. भाषण नको, प्रश्नमंजूषा नको, हाताने करण्यासारखं पाहिजे. आमचं उत्तर ठरलेलं आहे. माटोळी बांधा, पण सुरुवात रानातून करा.

बेळगाव, वडोदरा, इंदूरकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गोव्यात चवथीला गणपतीच्या वर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिच्यात आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, जाळ्याच्या आसांसारख्या. त्या पट्ट्यांना पावसात येणारी फळं, भाज्या, शेंगा, रानफुलं, पानं बांधायची. नारळ, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, चिबूड, तोरंजन, महाळुंग, नीरफणस, आंबाडे ही घरची आणि कुळागरातली मंडळी. कवंडळ, कुड्याच्या शेंगा, घागऱ्या, शेरवड, कळलावी ही रानातली. कोकणात खाली सिंधुदुर्गातही माटवी म्हणून हीच प्रथा आहे. गणपतीसमोर सोनंनाणं नसलं तरी चालतं, माटोळी मात्र लागतेच.

आता खरी गोष्ट. आजकाल चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत म्हापसा, पणजी, फोंडा, डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान जुड्या बांधून विकायला येतं. आपण जातो, घासाघीस करतो, पिशवी भरून आणतो. विकणाऱ्या बायका पहाटेपासून डोंगर पालथा घालतात, त्यांचे दोन पैसे व्हायलाच हवेत. पण पिशवीतून आलेल्या शेंगेचं झाड पोराला कुठे दिसतं? आमच्या वाड्यावर कवंडळाची वेल ओळखणाऱ्या आता तीन म्हाताऱ्या उरल्यात. तिघींच्याही गुडघ्यांनी डोंगर सोडलाय. त्या गेल्या की नाव राहील, वेल कोणती ते सांगायला कुणी राहणार नाही.

म्हणून गेली काही वर्षं आम्ही चवथीच्या आधी वाड्यातली दहा ते सोळा वयाची मुलं घेऊन मागच्या डोंगरावर जातो. म्हाताऱ्यांपैकी एकीला खालच्या पायवाटेपर्यंत गाडीने नेतो आणि खुर्ची टाकून बसवतो. मुलं एकेक फांदी आणून दाखवतात, ती नाव सांगते. मोबाईलवर झाडाचा फोटो काढून नाव शोधता येतं हे मुलं आम्हाला शिकवतात, ते बरोबरच आहे. पण आजी नावासोबत बाकीचंही सांगते. कुडा पोटासाठी. ही शेंग जोडीनेच येते, एकटी दिसली तर दुसरी कुणीतरी मोडलीय. घागऱ्याची शेंग वाळली की आत बिया खुळखुळतात, कानाशी धरून हलव. हे ऐकल्यावर मुलगा ती शेंग घरी गेल्यावरही हलवतच बसतो.

शेरवडावर दर वर्षी वाद होतो. मुलं पांढरं पान हातात घेऊन म्हणतात, हे फूल. फूल ते नव्हेच. बाजूचं इवलंसं केशरी ते फूल, आणि पांढरं ते त्याच्या देठाजवळच्या हिरव्या पाकळीसारख्या भागांपैकी एक मोठा झालेला. एकदा हातात धरून बघितलं की जन्मभर विसरत नाही.

दोन गोष्टींना आम्ही सक्त ताकीद देतो. कवंडळ लालभडक आणि गोल, बघून तोंडाला पाणी सुटतं, पण ते खायचं नाही. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं सुंदर, पण झाड विषारी आहे, कंद तर फारच. ती मोठ्यांनीच तोडायची आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

तोडण्याचाही नियम आहे. वेलीवर पाच फळं असतील तर एक घ्यायचं. एकटंच असेल तर नमस्कार करून पुढे. हा नियम आम्ही मुद्दाम घातला, कारण माटोळीची आता चढाओढ झालीय. सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते, तिच्यामुळे विसरलेली कितीतरी रानफळं लोकांना परत माहीत झाली हे आम्ही मानतो. पण स्पर्धेबाहेरही जो तो आपल्या माटोळीत किती प्रकार लागले तेच मोजतो, आणि त्या आकड्यापायी वेल मुळासकट उपटून आणणारे आम्ही बघितलेत. मासळीचं आपल्याला कळतं. अंड्यावरची मासळी सगळी ओढून काढली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? डोंगराचंही तेच.

यानंतर दोर. बहुतेक घरांत आता सुतळी किंवा नायलॉन वापरतात. जुनी पद्धत केवणीच्या सालीची. केवण म्हणजे मुरुडशेंग, लाल फुलांचं झुडूप, शेंगेला मळसूत्रासारखा पीळ. पावसात तिची बारीक काठी कापली की साल लांबच लांब सुटते. झुडूप खालून पुन्हा फुटतं. साल ओली असेपर्यंत मऊ, हवी तशी वळते, वाळली की कडक होते. तेव्हा काढल्या दिवशीच बांधून मोकळं व्हायचं, नाहीतर पाण्यात भिजत ठेवायची.

गाठीच्या बाबतीत आपली पोरं सरस निघतात. नायलॉन घसरतो, त्याला एक वेढा जादा लागतो हे जाळं शिवताना बापाच्या शेजारी बसलेल्या पोराला सांगावं लागत नाही. केवणीला तो वेढा नको. हा फरक त्यांनी आपणहून शोधला. आणि सांजावला २४ जूनला वेली-फुलांची कोपेलं गुंफणारी ख्रिस्ती वाड्यावरची मुलं येतात, त्यांचे हात तर आमच्यापेक्षा चपळ. त्यांच्याकडे ऑगस्टात कोंसाचं फेस्त असतं, नवीन भाताची कणसं आशीर्वादाला नेतात. आपल्याकडे चवथीच्या दिवसांत नवं, त्यातही कणसंच. मुलांनी हे आपसात बोलताना जुळवलं, आम्ही नुसते ऐकत होतो.

बांधताना वजनाचा विचार करायला लावा. आमची चौकट चार फूट बाय तीन फूट. नारळाची पेंड आणि केळीचा घड दोन बाजूंना, टांगणीच्या दोराजवळ. मधे जड काही बांधलं तर पट्टी वाकते. जड आधी, हलकं नंतर, पानं शेवटी. एका बाजूला कलली की पोरंच ओरडतात, सुपारी तिकडे घ्या! होडीत माल कसा भरायचा याचा धडा यात आपोआप होतो.

काही पालक विचारतात, प्लास्टिकची फळं लावली तर काय बिघडतं, दर वर्षी वापरता येतात. बिघडत काही नाही, फक्त त्यात मुलाला शिकण्यासारखं काही नाही. दिवाळीत नरकासुर करायला याच पोरांना कुणी ढकलावं लागत नाही, रात्र रात्र जागून लोखंड वाकवतात, गवत भरतात, कागद चिकटवतात. म्हणजे हातांना कामाची आवड आहे. फक्त माटोळीच्या वेळी आपण त्यांना बाजूला बसवतो, मोडतील म्हणून.

विसर्जनानंतर खाण्याची फळं शेजारी वाटायची. रानातल्या पिकलेल्या फळांच्या बिया मुलांनी वाळवून ठेवल्या, त्या यंदा पहिल्या पावसात संस्थेच्या कुंपणाकडेला लावल्या. तीन ठिकाणी वेल वर चढलीय. कवंडळाची की दुसरी कुठली, हे आजी बघून सांगणार आहे.

ज्या मंडळांना हे करायचंय त्यांनी चवथीच्या आधीचा रविवार धरावा, सकाळी लवकर निघावं. ज्याची जमीन असेल त्याला आधी विचारा. मुलांना चप्पल नको, बूट घाला. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. कोयता मोठ्यांच्याच हातात. पिशव्या कापडी आणा, आणि घरात फळांची नावं माहीत असलेली कुणी आजी किंवा आजोबा असतील तर संस्थेच्या कार्यालयात कळवा, त्यांना आणायला गाडी पाठवू.