शाळेतलं नाव राहू द्या, अभ्यास घरी आणा
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी भिवंडीहून, धामणकर नाक्यावरून बोलतेय. माझं काम बचत गटांच्या समन्वयाचं, पण आज पासबुक, व्याज, हप्ता असलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय सारखं आजारी पडणाऱ्या मुलाच्या शाळेबद्दल. प्रत्येक गटात अशी एक तरी आई असते. ती मीटिंगला उशिरा येते, मांडीवर ते पोर असतं, आणि विचारलं की म्हणते, "आज परत शाळा बुडाली."

आमच्या गटात ती आई मीच होते.

माझा धाकटा तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. त्याला बाळदमा. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत, दिवसरात्र खडखडाट. कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, खिडकीच्या जाळीवर दुधावर साय धरावी तसे जमतात. नाक्यावर ट्रक आणि गोदामांचे टेम्पो, त्यात मेट्रोचं काम निघालं तेव्हापासून धुळीला तर सीमाच राहिली नाही. पावसाळा लागला की आणि थंडी पडली की त्याची छाती भरायची. चार दिवस शाळा, सहा दिवस घर. दिवाळीपर्यंत मोजलं तर एक्केचाळीस दिवस बुडाले होते.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांनाही पटावरची हजेरी दाखवायची असते. म्हणाल्या, "असं करा, दाखला काढून न्या. वर्षभर घरीच शिकवा, बरा झाला की बघू." दाखल्याचा अर्ज समोर ठेवला. मी पेन हातात घेतलंसुद्धा. पण त्याचे बाबा मागावर होते, आवाजात फोन ऐकू आला नाही त्यांना, आणि त्यांना न विचारता सही नको म्हणून मी घरी आले. त्या न लागलेल्या फोनमुळे वाचलो असं म्हणायला हरकत नाही.

कारण दाखला काढला की काय काय जातं, ते मला नंतर कळलं. आठवीपर्यंतची मोफत पुस्तकं जातात. शालेय पोषण आहार जातो. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाची तपासणी जाते, म्हणजे आजारी मुलालाच तपासणी मिळत नाही, बघा कसा उलटा न्याय. शिष्यवृत्ती असेल तर तीही थांबते. आणि पुढे कधी परत नाव घालायला गेलात की "मधलं वर्ष कुठे होता?" हा प्रश्न तुमच्या मानगुटीवर. तसं कायद्याने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, सांगतो की सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास जास्तीचा शिकवून भरून काढायचा. पण कायदा सांगतो ते आणि शाळेच्या खिडकीपाशी होतं ते, यात आपल्या किती चपला झिजतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

घरी शिकवायला बंदी आहे का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. त्या कायद्यात घरच्या शिक्षणाला उघड मनाईही नाही आणि उघड परवानगीही नाही. मोठ्या शहरांतले काही आईबाप मुद्दाम मुलांना शाळेतून काढून घरी शिकवतात. मुंबईची मालविका जोशी अशीच घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण आपल्या आयआयटीत तिला जागा नव्हती, कारण बारावीचा कागद नव्हता. एवढ्या हुशार पोरीला कागद आडवा आला, तर आपल्या पोरांचं काय? म्हणून माझं सांगणं एकच: अभ्यास घरी आणा, नाव शाळेत राहू द्या.

आता त्याआधीची एक पायरी. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मुलाला खरंच घरी ठेवायची गरज आहे का, आणि किती दिवस. आमच्याकडे काय व्हायचं, जोर चढला की औषध, उतरला की बंद. डॉक्टरांनी रोजचा पंप लिहून दिला होता. सासूबाई म्हणाल्या, पंपाची सवय लागते. मलाही तसंच वाटायचं. ते खरं नाही. पंपाचं औषध थोडंसं असतं आणि सरळ फुप्फुसात जातं, त्याचं व्यसन लागत नाही. प्लास्टिकची नळी, तिला स्पेसर म्हणतात, ती लावून लहान मुलालाही नीट घेता येतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायला लागल्यावर त्याचे बुडणारे दिवस निम्म्यावर आले. पण मूल बोलताना वाक्य पुरं करू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे दिसत असतील, तर पाटी-पुस्तक बाजूला टाका आणि तडक दवाखाना गाठा.

काही आजारांना कायद्याचा जास्त आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या बहिणींनी हे नीट ऐका, सिकलसेल आपल्या आदिवासी पाड्यांवर किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. दिव्यांग प्रमाणपत्र निघालं तर परीक्षेत सवलती मिळतात. आणि अपंगत्व तीव्र किंवा एकापेक्षा जास्त प्रकारचं असेल तर घरी राहून शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यातच २०१२ साली घातलेला आहे. अशा मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक घरी येतात. गावात असाल तर गट साधन केंद्रात विचारा, शहरात असाल तर शहर साधन केंद्रात. दमा त्या एकवीसमध्ये नाही. म्हणून माझ्याकडे कोणी येणार नव्हतं, मलाच करायचं होतं.

आणि मी ते चुकीचं केलं, आधी ते सांगते. पहिल्या आठवड्यात मी घरात शाळाच भरवली. साडेदहा वाजता प्रार्थना, मग मराठी, गणित, इंग्रजी, पाच वाजेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तो रडला, चौथ्या दिवशी मी रडले. भात करपला तो वेगळाच. मग एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारलं, "अगं, साठ मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला बाई किती मिनिटं येतात?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकाला एक शिकवायचं असेल तर दोन तास पुष्कळ. सकाळी एक तास, दुपारी झोपून उठल्यावर एक तास. ज्या दिवशी ताप आहे त्या दिवशी शून्य तास, नुसती गोष्ट वाचून दाखवायची. तेही चालतं.

ज्यांना वाटतं की घरात शिकवायचं म्हणजे महागडं सामान लागतं, त्यांना मी ताराबाई मोडकांची आठवण करून देते. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठी मुलं गुरं चारायला जायची, तर त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आणि इतर शिक्षक कुरणावर जाऊन शिकवायचे, कुरणशाळा म्हणत तिला. आणि साधनं काय? बिया, शिंपले, पानं, दगड, बांबू. परदेशातली महागडी माँटेसरी साधनं त्यांनी गावच्या वस्तूंतून उभी केली.

मी तेच केलं. चिंचोके मोजायला. आगपेटीच्या काड्या दहा-दहाच्या जुड्या बांधून, म्हणजे दशक-एकक हाताला कळतं. दहाची जुडी सोडून हातचा घ्यायचा हे त्याला एका दुपारी समजलं, वर्गात दोन महिने समजलं नव्हतं. आजूबाजूच्या बायका घरी कापडाचे धागे तोडायचं काम घेतात, नगाप्रमाणे पैसे. त्याचा हिशोब त्याने लिहायचा: किती नग झाले, किती दराने, किती येणं बाकी. गुणाकार तिथेच शिकला. बाबांनी तागा किती मीटरचा, त्यातून दोन-दोन मीटरचे तुकडे किती निघतील, असं विचारायचं. मराठीसाठी वर्तमानपत्र. रोज एक बातमी मोठ्याने वाचायची, मग तीच आजीला स्वतःच्या शब्दांत सांगायची. आजी कानाने कमी ऐकते, त्यामुळे स्पष्ट बोलावं लागतं, वाचनाचा तो सगळ्यात उत्तम तास.

खर्च सांगते, मी वहीत लिहून ठेवलाय. पाटी आणि खडू ७० रुपये. चार वह्या १०० रुपये. महाराष्ट्राचा नकाशा ६० रुपये. झेरॉक्सची साठ पानं, दोन रुपयांनी १२०. एकूण ३५०. पाठ्यपुस्तकं शाळेची, कारण नाव पटावर होतं. पुस्तक फाटलं, हरवलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, मराठीच नाही तर उर्दू, हिंदी, तेलुगूसुद्धा. आमच्या पद्मनगरच्या तेलुगू बहिणींना हे मुद्दाम सांगते. पुस्तकावर चौकोनी काळा ठिपक्यांचा कोड असतो, तो फोनमधल्या दीक्षा ॲपने दाखवला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. विज्ञानाची खेळणी करायची तर पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर बघा, टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी आहेत, मराठीतही आहेत. फोन मात्र तुमच्या हातात ठेवा. माझ्याकडे दीक्षाचं कार्टून कधी झालं ते मला कळलं नाही.

खरा खर्च पैशाचा नाहीच, आईच्या वेळेचा आहे. घरी बसले तर धागे तोडण्याचे, शिवणाचे, मजुरीचे पैसे बुडतात. इथे गट कामाला आला. मी मीटिंगमध्ये विषय काढला, लाजतच. एक जण म्हणाली, मंगळवारी मी बसते. दुसरीची मुलगी बारावीत होती, तिने गणित घेतलं. एका ताईला लिहिता येत नाही, पण तिने पोटभर गोष्टी सांगितल्या. आठवड्यातले तीन दिवस मी मोकळी झाले. त्या बदल्यात मी त्यांच्या कर्जाचे अर्ज भरून दिले.

एक गोष्ट मी विसरले होते, ती त्यानेच आठवण करून दिली. म्हणाला, "आई, मला कोणीच मारत नाही आता." मला हसावं की रडावं कळेना. मित्र नव्हते त्याला. मग शनिवारी त्याच्या वर्गातली दोन मुलं घरी बोलवायला लागले. पोहे खायचे, वह्या दाखवायचे, कॅरम खेळायचे आणि भांडायचे. शाळेत काय शिकवलं ते बाईंच्या चिठ्ठीपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळायचं.

परीक्षेला त्याला शाळेत बसवलं. तिसरी पार पडली. गणित बरं, इंग्रजी कच्चं, ते अजूनही कच्चंच आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर एक फेरपरीक्षा मिळते, तेव्हा त्या दोन वर्षांना जरा आधीपासून तयारी ठेवा.

आणि मूल मोठं झालं, शाळा खरोखरच झेपेना, तर दारं आहेत. राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी दहा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आठवी तेरा झाल्यावर. दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहेच. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीचे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत थोडे थोडे सोडवता येतात. दवाखान्यात ये-जा असलेल्या मुलाला हे बरं पडतं. पण ही नंतरची दारं. तिसरी-चौथीच्या लेकराचा दाखला घाईने काढू नका.

शाळेत अर्ज मात्र लवकर द्या. मूल सलग महिनाभर गैरहजर राहिलं आणि कागद नसला तर ते शाळाबाह्य धरलं जातं. आता कागद-पेन घ्या, मी हळू सांगते, लिहून घ्या.

"प्रति, मुख्याध्यापक. विषय, आजारपणात घरी अभ्यास घेण्याबाबत व नाव पटावर कायम ठेवण्याबाबत. महोदय, माझा मुलगा किंवा मुलगी, पुढे नाव, इयत्ता, तुकडी. आजारामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने या तारखेपासून या तारखेपर्यंत शाळेत येऊ शकत नाही. या काळात त्याचा अभ्यास मी घरी घेणार आहे. कृपया नाव पटावर कायम ठेवावे, झालेल्या धड्यांची माहिती दर आठवड्याला द्यावी, आणि चाचणी व परीक्षेस बसू द्यावे. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे." खाली सही किंवा अंगठा, तारीख.

याच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन घरी आणा, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. शिक्का द्यायला कोणी टाळाटाळ केली तर गटातल्या दोघी-तिघी बरोबर घेऊन जा.