रोडपालीचे नगरदृश्य

शहराच्या भूदृश्याचे छायाचित्रण म्हणजे शहरातील प्रेक्षणीय स्थळांचे छायाचित्रण नव्हे, ही जाण महाराष्ट्रात अजून पुरेशी रुजलेली नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून कॅमेऱ्याला या शहराची ओढ आहे. परंतु ती ओढ पुढे बहुतांशी बोरीबंदर, गेटवे आणि मरीन ड्राइव्ह यांच्याभोवतीच घुटमळत राहिली. (बोरीबंदरच्या घुमटाचे आणखी एक छायाचित्र नेमके कोणाला हवे आहे, हे एकदा विचारायला हरकत नाही.) या कलेचा खरा कस लागतो तो शहर अजून घडत असलेल्या जागी, आणि पनवेलजवळची रोडपाली ही तशी जागा आहे.

आज या प्रकारात जी शैली प्रमाण मानली जाते, तिची ओळख १९७५ साली अमेरिकेतील रोचेस्टर येथे, जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनाने करून दिली. रॉबर्ट ॲडम्स, लुइस बाल्ट्झ आदींनी त्यात नव्या वसाहती, गोदामांच्या कोऱ्या भिंती आणि वाहनतळ हे विषय, हळहळ वा कौतुक यांपैकी काहीही चेहऱ्यावर न आणता मांडले होते. त्याच प्रदर्शनातील बर्न्ड आणि हिला बेशर हे जर्मन दांपत्य १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे टिपत होते: ढगाळ दिवस, कृष्णधवल फिल्म, समोरचा आणि शक्यतो किंचित उंचावरचा कोन. एकाच जातीच्या वास्तूंची अशी चित्रे ते ओळीने शेजारी-शेजारी लावत. या मांडणीला टायपॉलॉजी म्हणतात, आणि तीत साम्य ठसले की बारीकसारीक फरक आपोआप नजरेत भरू लागतात.

रोडपालीत हे फरक शोधावे लागत नाहीत. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने भूसंपादन करून सेक्टर आखले, जुने गाव त्यांच्या कुशीत राहिले, शेजारी कळंबोलीत मुंबईच्या कारनॅक बंदर भागातील लोखंड बाजार आला आणि पलीकडे तळोज्याची एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. शिवाय या भूसंपादनाविरुद्ध १९८४ साली झालेल्या जासई-दास्तानच्या आंदोलनातून, पाच जणांच्या हौतात्म्यानंतर, प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. त्या छोट्या भूखंडांवरच्या इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या असतात: तळाला दुकानांची शटर, वर प्रत्येक गॅलरीला वेगळ्या नक्षीची ग्रिल, छज्ज्याखाली पावसाने उतरलेले काळे ओघळ, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. टायपॉलॉजीला याहून चांगला विषय मिळणे कठीण आहे, कारण येथे जमिनीचा इतिहासच इमारतीच्या रुंदीत उतरलेला आहे.

अशी रांग टिपताना पहिली अडचण उंचीची येते. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा माथ्याकडे एकवटतात आणि इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. म्हणून छायाचित्रकार कॅमेरा सपाटीत ठेवून शिफ्ट लेन्स वापरतात, जिची भिंगे सेन्सरला समांतर वर सरकवता येतात, त्यामुळे माथा चौकटीत येतो आणि रेषाही सरळ राहतात. दुसरी अडचण अरुंद रस्त्यांची आहे, कारण पुरेसे मागे सरायला जागाच नसते. तिच्यावर रॉबर्ट पोलिडोरी यांनी मुंबईतील वस्तीच्या चित्रणात एक तोड काढली होती: रस्त्याला समांतर सरकत एकेक तुकडा समोरून टिपायचा आणि नंतर ते तुकडे जोडून संपूर्ण दर्शनी बाजू उभी करायची. ड्रोनने हे काम सोपे झाले असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. वरून सेक्टरचा नकाशा दिसतो, पण शटर आणि ग्रिल हरवतात.

प्रकाशाच्या बाबतीत जून ते सप्टेंबर हे महिने सोयीचे, कारण ढगांमुळे सावल्या मऊ होतात आणि उन्हाळ्यातली धूळही बसते. मात्र त्या मंद उजेडात ट्रायपॉड लावून, ॲपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र लहान ठेवून एक्स्पोजर काही सेकंदांपर्यंत लांबवले, तर चालती माणसे आणि लोखंड घेऊन जाणारे ट्रेलर चित्रातून पुसले जातात. निर्मनुष्य शहराचा हा देखणेपणा परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे आणि रोडपालीच्या बाबतीत तो सरळसरळ खोटा ठरतो. येथे ॲपर्चर थोडे मोठे करून, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनक्षमता वाढवून, चित्रात थोडे दाणे आले तरी ते पत्करून शटरचा वेग राखलेला बरा.