सीरमची बाटली आणि तळपायाची कातडी

सकाळी तोंड धुऊन हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम लावते, तरी दुपारपर्यंत चेहरा ओढल्यासारखा का होतो, असं एका वाचक मुलीनं विचारलं आहे. 'स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतं' या जाहिरातीवर तिचा विश्वास बसला असणार.

या हजारपटीत शब्दांचा खेळ आहे. हायल्युरॉनिक ॲसिड म्हणजे शर्करांची लांबलचक साखळी. पाण्यात ती ऐसपैस पसरून स्वतःच्या आकारमानाच्या कैकपट जागा अडवते. पण त्या जागेतलं बहुतेक पाणी तिला बांधलेलं नसतं. हवा कोरडी असली की ते खुशाल उडून जातं. शिवाय ही साखळी त्वचेत शिरणार कशी? साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत जात नाहीत आणि हिचं वजन लाखांत. सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखंच ते. छोटे तुकडे थोडे आत जातात, एवढंच.

या रेणूचा पूर्वेतिहास मात्र बहारदार. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. पुढे एंड्रे बालाझ यांना तो बेकरीत अंड्याच्या पांढऱ्याऐवजी वापरता येईल असं वाटलं! त्यांनीच नंतर कोंबड्याच्या तुऱ्यातून तो इतका शुद्ध काढला, की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ लागला. आता तो बहुतांशी जिवाणूंकडून बनवून घेतात.

पण या विषयातला माझा आवडता माणूस वेगळाच : बॉस्टनचे आयर्विन ब्लँक. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत त्यांचं नाव कधी येणार नाही, कारण त्यांचं प्रयोगसाहित्य होतं तळपायाची जाड, वाळलेली कातडी. ती तेलात बुडवून ठेवली तरी कडकच राहिली. पाणी शोषल्यावर मात्र लवचीक झाली. १९५२ मध्ये त्यांनी हे मांडलं. त्वचा मऊ ठेवतं ते पाणी, तेल नव्हे. मग पिढ्यान्‌पिढ्या आपण चोळत आलो ते तेल वाया गेलं का? अजिबात नाही. आत असलेलं पाणी उडू न देण्याचं काम ते चोख करतं.

म्हणजे पत्रलेखिकेचं चुकतं ते सीरमनंतर. चेहरा जरा ओलसर असतानाच सीरम लावावं, ते वाळायच्या आत त्यावर मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन. मुंबईच्या दमट हवेत मधली पायरी हलकी चालेल. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्याला ती चुकवून चालणार नाही.

आणि खिशाला परवडत नसेल तर? ग्लिसरीन आहेच. शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १७७९ मध्ये ऑलिव्ह तेलातून मिळवलेला हा गोड द्रव जेमतेम ९२ डाल्टनचा, त्यामुळे वरच्या थरात सहज मुरतो. आपल्याकडे थंडीत गुलाबपाण्यात कालवून लावतात तेच हे. नुसतं, पातळ न करता लावू नये. कोरड्या हवेत ते त्वचेतलंच पाणी ओढून घेतं. महागड्या सीरमच्या बाटलीमागची घटकांची यादी वाचून पाहा. जास्त प्रमाणाचे घटक तिथे आधी लिहितात आणि पाण्यापाठोपाठ बहुधा ग्लिसरीनच भेटतं. पुढे ज्याच्या नावानं बाटली विकली जाते, तो बराच खाली असतो.