सांगोडावरचा गणपती

गणेशोत्सवात गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच आग्रह असतो: सातवा दिवस कुंभारजुवेसाठी राखून ठेवा. मिरवणूक म्हटली की आपल्याला रस्ता, ट्रक आणि ढोलताशे आठवतात. इथे ती पाण्यातून निघते. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा सुमारे 15 किलोमीटरचा कालवा या गावाला लागून वाहतो. एरवी पर्यटक तिथे मगरी बघायला येतात. सातव्या दिवशी मात्र त्याच पाण्यात सजवलेल्या होड्यांची रांग लागते. काहींवर विसर्जनाला निघालेले गणपती असतात, काहींवर पुराणातले आणि इतिहासातले देखावे. हा सांगोडोत्सव.

सांगोड म्हणजे एकमेकींना जखडलेल्या दोन होड्या. साधी होडी अरुंद असते. माणूस उभा राहिला तरी डुलते आणि भार एका अंगाला गेला की कलंडते. तिच्यावर मूर्ती, मखर आणि आरती म्हणणारा घोळका नेणं शक्यच नाही. म्हणून दोन होड्या मध्ये अंतर सोडून शेजारी लावतात, त्यांच्यावर आडवी लाकडं टाकून दोराने घट्ट आवळतात आणि वर फळ्यांचा मंच करतात. आता उजवीकडे माणसं जास्त झाली तर उजवी होडी थोडी दबते, पण डावी तिला उलटू देत नाही. शिवाय भार दोघींत वाटला गेल्याने त्या फार खोल बुडत नाहीत आणि उथळ पाण्यातूनही जातात. एवढ्या साध्या युक्तीवर सगळा उत्सव तरंगतो. मला त्या मखरापेक्षा मंचाखालच्या गाठी जास्त मोलाच्या वाटतात.

वेळही सोयीची आहे. चतुर्थीपासून सातवा दिवस म्हणजे साधारण दशमी. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं, खाडीत पाण्याची ओढ वाढते. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचे. भरती-ओहोटीतला फरक तेव्हा सर्वांत कमी असतो. गणपती घेऊन निघालेल्या सांगोडाला यापेक्षा शांत पाणी कुठलं मिळणार?

हाच सांगोड गोव्यातल्या ख्रिस्ती मच्छीमारांचाही आहे. 29 जूनला त्यांचा सांव पेद्रू, म्हणजे संत पीटरचा सण. पीटर स्वतः मासेमार. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला, त्यामुळे जल्लोष नदीत होतो. कांदोळीच्या बाजूला, आगशीला होड्या जोडून त्यांच्यावर चर्चचा देखावा उभा करतात. त्याच मंचावर गाणी आणि नाटुकली रंगतात. फरक एवढाच की 29 जून ही पक्की तारीख, तिचा चंद्राशी संबंध नाही. एखाद्या वर्षी नेमकं उधाण येतं, वर पावसाचं पाणी. तेव्हा भरती बघून वल्हं मारावं लागतं.

त्याआधी पाच दिवस, 24 जूनला, शिवोलीत सांजावच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या, होड्या येतात. आसपासच्या गावांतली मंडळी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून पाण्यातून संत जॉनच्या कपेलाकडे निघतात. ही नदी शापोरा. महाराष्ट्रात, दोडामार्गाकडे, आपण तिलाच तिळारी म्हणतो. शिवोलीला आता पर्यटकांची झुंबड उडते, तिथल्या होड्यांबद्दल बरंच लिहून झालं आहे. कुंभारजुवेबद्दल त्या मानाने फार कमी लिहिलं जातं, आणि याची मला मनापासून खंत वाटते. एकाच गोव्यात, एकाच तऱ्हेने बांधलेल्या होड्यांवर एकदा सांव पेद्रू आणि एकदा गणपती बसतो, हे मराठी वाचकाने स्वतः जाऊन बघायला हवं.

माशेलकडून कुंभारजुवे अगदी जवळ आहे. दुपारीच पोहोचा, कारण नंतर काठावर उभं राहायलाही जागा उरत नाही. आणि होड्या कशा जोडल्या आहेत हे नीट बघायचं असेल, तर फुलं आणि झिरमिळ्या चढायच्या आत पाण्याशी उतरा. एकदा सजावट झाली की गाठी दिसत नाहीत.