जुना मोबाईल, ताजा सल्ला

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला परभणीहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पेरणीला थांबायचे की फवारणी उरकायची, हे त्यावरून ठरवता येते. पण तो मोबाईलवर वाचायचा, तर हातातला फोन चालायला हवा. पुष्कळदा फोन बिघडलेला नसतो. बॅटरी थकलेली असते, किंवा नवे अ‍ॅप त्यावर उघडत नाही. मग चांगला फोन भंगारात जातो आणि शेतकऱ्याच्या खिशाला नव्याचा खर्च बसतो.

स्मार्टफोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाचाच असतो. म्हणून तो जितकी वर्षे अधिक चालेल, तितका पर्यावरणावरचा भार कमी. त्याची सोय आराखड्यातच करावी लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून तसा नियम लागू आहे. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. विक्री थांबल्यावर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

माहितीही हलकी हवी. देवनागरीतला एक एसएमएस ७० चिन्हांचा असतो. ‘उद्या पाऊस, फवारणी टाळा’ एवढे त्यात सहज मावते. त्यासाठी ना अ‍ॅप लागते, ना नवा फोन. तेव्हा फोन टाकण्याआधी बॅटरी बदलून पाहावी, आणि सेवा उभारणाऱ्यांनी जुना फोन डोळ्यांसमोर ठेवावा.