इंदुरी
महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील इंद्रायणीकाठचे एक गाव व दाभाडे घराण्याची गढी. ‘इंदोरी’ असाही उच्चार रूढ आहे. हे गाव तळेगाव दाभाडेच्या ईशान्येस काही किमी. अंतरावर, तळेगाव–चाकण रस्त्यावर व नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी नाणे मावळ व अंदर मावळ या खोऱ्यांचे पाणी घेऊन येथपर्यंत येते. पुढे ती देहू व आळंदीवरून तुळापूर येथे भीमेस मिळते. इंदुरीच्या आसपास उत्तरेस भंडारा व दक्षिणेस घोराडेश्वर असे दोन डोंगर आहेत. त्यांच्यामधून नदी मावळच्या खोऱ्यातून पूर्वेकडील सपाटीवर उतरते. घाटमाथ्याच्या वाटेवरील तळेगाव आणि जुन्नरच्या वाटेवरील चाकण यांच्यामध्ये नदी ओलांडण्याची ही जागा असल्याने आकाराच्या मानाने गावास अधिक महत्त्व आले, असे दिसते.

येथील मुख्य वास्तू म्हणजे नदीच्या काठावर उभी असलेली गढी. स्थानिक लोक तिला किल्ला म्हणतात. वस्तुतः ती सपाटीवरील तटबंद सरदारी ठाणे होय. छत्रपती शाहूंनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिलेल्या खंडेराव दाभाडे यांनी ती सु. १७२०–२१ मध्ये बांधली, असे मानले जाते. एका बाजूस नदीचे पात्र हेच संरक्षण आणि इतर बाजूंस बुरुजांसह तट, अशी तिची रचना आहे. तटाचा काही भाग व प्रवेशद्वार टिकून आहेत. आतील निवासी इमारती मात्र उरलेल्या नाहीत. आवारात कडजाई देवीचे मंदिर असून ग्रामस्थांचा राबता मुख्यतः त्या निमित्ताने असतो.

गढीचा इतिहास हा दाभाड्यांच्या उत्कर्षापेक्षा त्यांच्या ऱ्हासाशी अधिक निगडित आहे. खंडेरावांनी गुजरातेत मराठ्यांचा अंमल रुजविला आणि १७२९ मध्ये ते मृत्यू पावले. गुजरातच्या चौथाईच्या हक्कावरून त्यांचे पुत्र त्रिंबकराव व पहिला बाजीराव पेशवा यांच्यात वितुष्ट आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत त्रिंबकराव मारले गेले. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांकडे गेले आणि कारभार त्यांची आई उमाबाई पाहू लागली. याच सुमारास घडलेली एक घटना लक्षणीय आहे. दाभाडे श्रावणात तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. त्रिंबकरावांच्या मृत्यूनंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यास नेली. पुढे इंग्रजी अमलात त्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली व तीतूनच कालांतराने डेक्कन कॉलेज उदयास आले. मावळातील एका जहागिरीच्या दानधर्माचा असा दूरवर परिणाम झाला, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही.

नानासाहेब पेशव्याने गुजरातच्या निम्म्या उत्पन्नाची मागणी केली, तेव्हा उमाबाईंनी १७५० मध्ये इंदुरीच्याच नदीवर असलेल्या आळंदी येथे त्याची भेट घेऊन ती मागे घेण्याविषयी रदबदली केली; ती निष्फळ ठरली. त्यानंतर त्या ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या व त्यांच्या बाजूने दमाजी गायकवाड गुजरातेतून चालून आला. १७५१ मध्ये दमाजी कैद झाला, दाभाडेही अटकेत पडले आणि त्यांची जहागीर जप्त झाली. दमाजीने १७५२ मध्ये गुजरातची निम्मी वाटणी मान्य करून आपली सुटका करून घेतली. सेवक बडोद्याचा राजा झाला आणि धनी नामधारी उरला. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यात निवर्तल्या. तळेगाव येथे बनेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे.

गावाजवळील भंडारा डोंगर संत तुकारामांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. माघ शुद्ध दशमी हा तुकारामांना गुरूपदेश झाल्याचा दिवस असून त्यानिमित्त येथे मोठा सप्ताह होतो. डोंगरात प्राचीन काळी कोरलेली लेणीही आहेत. तुकारामांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी जवळच्याच सुदुंबरे येथे आहे.

भात हे मावळचे मुख्य पीक. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेल्या सुवासिक वाणास या नदीचेच नाव देण्यात आले.

गावाच्या हद्दीलगत कुंडमळा येथे बेसाल्ट खडकातील नदीपात्रात रांजणखळगे आढळतात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकातील खाचेत वर्षानुवर्षे गरगर फिरत राहतात. त्यामुळे खाच घासून तिचा रांजणासारखा खोल कुंड बनतो. कुकडी नदीवरील निघोजचे कुंड अधिक प्रसिद्ध असले, तरी घडण्याची क्रिया तीच. कोरड्या ऋतूत हे पात्र सुंदर दिसते, परंतु पावसाळ्यात येथील प्रवाह अरुंद व अत्यंत वेगवान होतो. नदीच्या दक्षिणेकडील शेलारवाडीहून पलीकडे जाण्यासाठी येथे सु. तीन दशकांपूर्वी लोखंडी पादचारी पूल उभारण्यात आला होता. तो मुळात शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर वाढत गेला तसे कुंडमळा हे पावसाळी सहलीचे ठिकाण बनले, आणि थोड्या माणसांसाठी असलेल्या पुलावर गर्दी होऊ लागली. पूल गंजला होता व तो धोकादायक असल्याचा फलकही तेथे लावलेला होता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, नदी भरून वाहत असता पर्यटकांच्या भाराने तो कोसळला. त्यात चार जणांचा मृत्यू झाला व पन्नासाहून अधिक जण जखमी झाले.